खिंडीच्या अलीकडे

माझी बायको मोटरसायकल चालवते आणि मी तिच्या मागे बसतो. हे एकदा सांगून टाकलं की लोकांचं हसून होतं आणि मग पुढचं बोलता येतं. माझा डावा डोळा जन्मापासून नावालाच आहे. उजव्याच्या भरवशावर मी सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवतो, शाळेचे गणवेश शिवून संसार केला, पण लायसन्सच्या खिडकीमागे बसलेल्या साहेबाला माणसाचे दोन्ही डोळे लागतात. त्यामुळे हँडल तिच्याकडे आणि मागची सीट माझ्याकडे, हे लग्नानंतर लगेच ठरून गेलं. मागे बसून मी तोंडाला कुलूप लावतो असं मात्र नाही. पुढे खड्डा आहे, गिअर उतरव, तो ट्रक बघ, हे सगळं मी वेळच्या वेळी सांगत असतो. ती याला उंटावरून शेळ्या हाकणं म्हणते.

ती पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ऑपरेटर आहे. खाली नदीकाठी पंपघर, वर टेकडीवर टाकी, आणि जन्मभर काम एकच, खालचं पाणी वर चढवायचं. पंपांच्या आवाजात राहून तिला मोठ्याने बोलायची सवय लागायला हवी होती, पण झालं उलटंच. ती घरी आली की हळू बोलते आणि थोडं बोलते. कामावर ती बसने जाते. गाडी रविवारची, आणि रविवारी ती मला घेऊनच निघते.

पंपघराचा नियम असा की पुढच्या पाळीचा माणूस येऊन उभा राहिल्याशिवाय जागचा पाय हलवायचा नाही. नियम चांगला आहे. पुढच्या पाळीचा माणूस मात्र आजवर वेळेवर आलेला मी ऐकला नाही. कधी त्याची सायकल पंक्चर, कधी सासू आजारी. त्या सासूला इतके आजार होऊन गेलेत की तिने एव्हाना शंभरी गाठली तरी मला नवल वाटणार नाही. तोवर आमची बाई रिकामा डबा मांडीवर घेऊन स्टुलावर बसलेली. मी कितीदा सांगितलं, वर तक्रार कर. ती म्हणते, येतोच ना शेवटी. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय. आणि पाण्याचंच बोलायचं तर आमची इमारत पाइपलाइनच्या शेवटच्या टोकाला आहे. साऱ्या गावाच्या बादल्या भरल्या की मग आमच्या नळाला करंगळीएवढी धार येते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी नळाखाली हंडा धरून शिव्या घालतो, आणि ती म्हणते, शेवटचं टोक कोणाचं तरी असणारच की.

माहेरीही ती शेंडेफळ. शेंडेफळाचे लाड होतात असा समज आहे. तिच्या वेळेपर्यंत लाड वरच्या बहिणींवर खर्ची पडून गेले होते. तिच्या वाट्याला त्यांचे उतरलेले फ्रॉक आले आणि वडिलांची एक गोष्ट आली. वडील ट्रक चालवायचे, खिंडीपलीकडे माल न्यायचे. ते सांगायचे की खिंडीच्या माथ्यावर उभं राहिलं की अलीकडचं पाणी आपल्याकडे येतं आणि पलीकडचं आपल्याकडे पाठ करून भलत्याच मुलखात जातं, कोणाला ढकलावं लागत नाही. बहिणींनी ही गोष्ट एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिली. हिने धरून ठेवली. दागिना नको, साडी नको, सिनेमा नको. एवढंच, की एकदा माथ्यावर उभं राहायचं आणि पलीकडचं पाणी पलीकडे जाताना बघायचं. विजेच्या जोरावर पाणी वर ढकलण्यात आयुष्य काढलेल्या बाईला हे बघावंसं वाटलं, तर त्यात हसण्यासारखं काही नाही. मी पहिल्यांदा हसलो होतो, ते सोडा.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी टायरचं दुकान आहे. त्या दुकानदाराला मोटरसायकलवाली मंडळी कप्तान म्हणतात. रविवारी त्याच्याकडे सगळे जमतात आणि दरवर्षी बर्फ पडायच्या आधी टोळकं करून खिंड ओलांडतात. पलीकडच्या गावांत मुक्काम करायचा आणि मग खालच्या लांबच्या रस्त्याने वळसा घालून घरी यायचं. कप्तान पुढे, त्याच्या पुढे कोणी जायचं नाही. सगळ्यांच्या शेवटी जो असतो त्याला म्हणतात शेपूट. शेपटाने कोणालाही ओलांडायचं नाही. आणि कोणाची गाडी बिघडली, कोणाला उंचीवर चक्कर आली, कोणी मागे फिरलं, तर शेपटाने त्याच्याबरोबर फिरायचं आणि त्याला पायथ्याच्या गावात सुखरूप पोचवायचं. डोंगरात माणूस एकटा सोडायचा नाही. हाही नियम चांगला आहे. माझं नियमांशी कधीच भांडण नव्हतं.

आम्ही त्यांच्यात गेलो त्या पहिल्या वर्षी कप्तानाने विचारलं, शेपूट कोण होणार? तेव्हा सगळ्यांना एकाएकी आपापल्या टायरमधली हवा तपासावीशी वाटली. हिने हात वर केला. झालं. त्यानंतर कोणी विचारलंच नाही. निघायच्या आधी कप्तान दरवर्षी म्हणायचा, ताई मागे आहेत म्हणजे आपल्याला घोर नाही, आणि सगळे टाळ्या वाजवायचे. टाळ्या वाजवल्या की काम करणाऱ्याच्या पाठीवर ओझं नीट बसतं, हे मी या टोळक्याकडून शिकलो.

तर ती दरवर्षी निघाली आणि दरवर्षी कुठेतरी माशी शिंकली. एका वर्षी नव्या नवऱ्याने नव्या नवरीला दाखवायला चढावर क्लच दाबून दाबून क्लच प्लेट जाळली. आम्ही त्यांना घेऊन खाली आलो, आणि ते दोघं सबंध उताराभर एकमेकांशी भांडत होते. पुढच्या वर्षी एक फोटो काढणारा गृहस्थ पहाटेपासून उपाशी राहून आडवा झाला. मग एकाला घरची आठवण आली. हो, घरची आठवण. चांगला मिशाळ बाप्या, घाटात दगडावर बसून रडायला लागला आणि आमच्या बाईने त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला खाली आणला. दरवेळी माथा वर दिसत असायचा आणि दरवेळी ती हँडल वळवायची. पुढे गेलेले लोक आठवड्याने परत येऊन आम्हाला फोटो दाखवायचे. लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्याला लष्कर निदान भाकरी खाल्ल्याचं सांगतं. हे लोक सांगायचे, ताई, तुम्ही असायला हवं होतं.

मग यंदा बातमी आली. खिंडीखालचा बोगदा पुरा झाला, आता गाड्या डोंगराच्या पोटातून जाणार, आणि हा मोसम संपला की वरचा जुना रस्ता कायमचा बंद. तिने पेपर वाचला, घडी घातली आणि कामाला गेली. संध्याकाळी जेवताना मध्येच विचारलं, बोगद्यातून गेलं तर माथा लागणार नाही ना. मी म्हटलं, नाही लागणार. तिने मान हलवली आणि पाणी प्यायली. मला त्या घासात ठसका लागला, रागाने.

मी दुसऱ्या दिवशी माझं शिलाईचं दुकान उघडायच्या आधी कप्तानाकडे गेलो. तो टायरला ठिगळ लावत होता. मी त्याला सांगितलं की यंदा माझी बायको शेपूट होणार नाही, ती मधे चालेल, आणि माथ्यावर जाईल, आणि यात काही खोट आली तर तुझ्या दुकानासमोर बसून मी ओरडेन. कप्तान वाईट माणूस नाही. त्याला हे कधी सुचलंच नव्हतं, याचंच त्याला वाईट वाटलं. त्याने बँकेत नोकरी करणाऱ्या एकाला शेपूट नेमलं. या बँकवाल्याची गाडी सगळ्यांत महाग, तिला पुढे-मागे इतके दिवे की ती उभी असली तरी मिरवणुकीत असल्यासारखी दिसते. त्याने नेमणूक स्वीकारताना चार शब्दही बोलून दाखवले, जबाबदारी वगैरे. मी टाळ्या वाजवल्या.

मी तिच्या हातमोज्यांना आतून फ्लॅनेलचं दुहेरी अस्तर शिवलं. बुटात आधी मोजे, मग प्लॅस्टिकची पिशवी, मग पुन्हा मोजे. छातीवर जाकिटाच्या आत वर्तमानपत्र. पायथ्याच्या गावातून सकाळी निघालो तेव्हा आम्ही दोघं रद्दीच्या दुकानासारखे करकरत होतो.

चढ सुरू झाला तशी थंडी कपड्यांना विचारेनाशी झाली. वळणांवर रस्त्यावरून वाहणाऱ्या ओघळांवर बर्फाची पातळ काच धरलेली. चाकाखाली ती फुटायची आणि गाडी जराशी सरकायची. वर हवा विरळ, त्यामुळे इंजिनालाही धाप लागते. एरवी तिसऱ्या गिअरवर हसत चढणारी गाडी पहिल्यावर कण्हत होती. हेल्मेटची काच श्वासाने धुरकटते, ती उघडली की डोळ्यांतून पाणी येतं, आणि पाणी गालावर येईपर्यंत गार सुई होतं. माझे गुडघे तर मला कधीच सोडून गेले होते. पण आमची बाई मधे होती. पुढे गाड्या, मागे गाड्या, आणि तिला कोणाची फिकीर करायची नाही. तिच्या पाठीला टेकून बसल्यामुळे मला कळत होतं की ती गुणगुणते आहे. इतक्या वर्षांत गाडीवर ती गुणगुणल्याचं मला ठाऊक नव्हतं. मी तिला पुढचं वळण अरुंद असल्याचं सांगितलं तेव्हा ती थांबली.

शेवटच्या टपरीवर सगळ्यांनी चहा घेतला. तिथे रस्तेखात्याचा एक मुकादम होता. त्याने वरच्या एका काळ्या सुळक्याकडे बोट दाखवलं. ढग त्या सुळक्याखाली उतरला की माथ्याजवळचं फाटक बंद होतं, मग राजा आला तरी उघडत नाही. आणि उद्यापासून बर्फाचा अंदाज आहे, तेव्हा आज बंद झालं ते बहुधा कायमचंच. सगळ्यांनी वर बघितलं. ढग सुळक्याच्या डोक्यावर टोपीसारखा बसला होता. कप्तानाने शिट्टी वाजवली.

आमच्या मागे त्या दिवशी दोघंच होते. एक दातांचा डॉक्टर, यंदाच नव्याने आलेला, आणि त्याच्या मागे शेपूट म्हणून बँकवाला. दातवाला सज्जन माणूस, पण त्याचं सगळं सावकाश. चहा संपला की कप पुसायचा. हातमोजे घालायचे, काढायचे, हेल्मेटची काच छोट्या फडक्याने पुसायची, फडक्याची घडी करायची, पुन्हा हातमोजे. त्याच्या मागे राहायचं म्हणजे बैलगाडीमागे राहण्यासारखं.

टपरी सोडून काही वळणं वर गेलो असू. तिचं लक्ष सवयीने आरशात जात होतं. एकदा आरशात दिवेच दिवे दिसले, हॉर्न वाजला, आणि बँकवाला आमच्या शेजारून सूं करत पुढे गेला. जाताना त्याने अंगठा वर केला, मागे सगळं ठीक आहे असा. शेपूट पुढे निघून गेलं होतं. शेपूट व्हायला कोणालाच आवडत नाही हो. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणतात, पण हे आमचं कर्मही नव्हतं, त्या बँकवाल्याचं होतं.

तिने गाडीचा वेग कमी केला. मला पुढचं सगळं त्याच क्षणी दिसलं. तिने वळणाच्या आतल्या बाजूला गाडी घेतली, एक पाय जमिनीवर टेकवला आणि मागे बघत राहिली. इंजिन चालूच होतं. रस्ता खालपर्यंत रिकामा दिसत होता.

मी म्हटलं, हे तुझं काम नाही आज. ती म्हणाली, मागे दातवाला आहे. मी म्हटलं, त्याला बघायला नेमलाय माणूस. ती म्हणाली, तो माणूस पुढे गेला. मी म्हटलं, मग त्याला गाठू आणि परत पाठवू. तो परत येणार नाही हे दोघांनाही माहीत होतं. वर ढग सुळक्याच्या कपाळापर्यंत आला होता. दातवाला येईना. रागाने तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. त्या थंडीत ती घोट्यापर्यंतही येईना, पण माझ्या जिभेला थंडी वाजत नव्हती. मी तिला वाटेल ते बोललो. म्हटलं, जन्मभर मागच्यांची वाट बघितलीस, तुझी वाट कोणी बघितली का? त्या पंपघरवाल्याची सासू, ती क्लच जाळणारी जोडी, तो रडका मिशाळ, आणि आता हा फडक्याने काच पुसणारा. सगळ्यांनी मिळून तुला मागे ओढलं आणि तू ओढू दिलंस. पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

"झालं का बोलून?" ती म्हणाली.

"नाही झालं."

"मला जायचंय हो," ती म्हणाली. "तुम्हाला वाटतं मला वाईट वाटत नाही. दरवेळी खाली येताना मी हेल्मेटच्या आत रडते. मला फार जायचंय."

एवढं बोलून तिने हँडल खालच्या बाजूला वळवायला घेतलं.

मी गाडीवरून उतरलो. उतरलो म्हणजे पाय आखडले होते ते कसेबसे पलीकडे टाकले. तिला म्हटलं, मी थांबतो इथे, तू जा. ती म्हणाली, तुम्हाला गाडी कुठे येते.

"थांबायला गाडी यावी लागत नाही," मी म्हटलं.

तिला पटायला वेळ लागला. मी तिला समजावलं की दातवाला आला की मी त्याच्या मागे बसेन. वर जाता आलं तर वर, नाही तर खाली. त्याला काही झालं असेल तर फाटक बंद करून मुकादमाच्या माणसांचा ट्रक याच रस्त्याने उतरतो, त्यात दोघंही बसू. शेपटाचं काम कोणी तरी करायचं, एवढंच ना, मग आज मी शेपूट. ती म्हणाली, मी माथ्यावर जाऊन लगेच फिरते. मी म्हटलं, मुळीच नाही, फाटक मागून बंद होईल, टोळीबरोबर पलीकडे उतर आणि सगळ्यांबरोबर वळसा घालून ये. तिने ढगाकडे बघितलं, मग खाली रस्त्याकडे, मग माझ्याकडे. थर्मास काढून माझ्या हातात दिला, मफलर काढून माझ्या गळ्याला गुंडाळला आणि गाडी गिअरमध्ये टाकली. पुढच्या वळणापर्यंत मी तिच्याकडे बघत उभा होतो. वळणावर तिने मागे पाहिलं नाही.

मग मी त्या रस्त्यावर एकटा. थर्मासमधला चहा झाकणात ओतेपर्यंत कोमट आणि तोंडाशी नेईपर्यंत गार. मी एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होतो आणि एकेकाला आठवून शिव्या देत होतो. बँकवाल्याला त्याच्या सगळ्या दिव्यांसकट दिल्या. ढग सुळक्याच्या गळ्याशी आला. बारीक बर्फ पडायला लागलं, पीठ चाळल्यासारखं. दातवाला दरीत पडला असेल का, असंही मनात आलं, आणि खरं सांगतो, त्याची काळजी वाटायच्या आधी मला त्याचा राग आला.

आणि तो आला. सावकाश, पाठ ताठ, अगदी धडधाकट. माझ्याजवळ थांबून त्याने आधी काच पुसली. मग सांगितलं की त्याचा एक हातमोजा हरवला होता. तो शोधायला तो टपरीपर्यंत मागे गेला होता, टपरीवाल्याने बाकंही उचलून बघितली.

"सापडला का?" मी विचारलं.

"हो ना. मीच त्याच्यावर बसलो होतो."

मी त्याला विचारलं की एवढ्या थंडीत, ढग उतरत असताना, कोणी सोबत नसताना हे धाडस कसं केलं. तो म्हणाला, बँकवाले शेपूट आहेत ना, ते थांबलेले असणार, म्हणून मी निवांत होतो. तो हसला. त्याचे स्वतःचे दात फार चांगले आहेत.

मी त्याच्या मागे बसलो आणि वर गेलो. फाटक बंद होतं. आडव्या बांबूवर बर्फ साचायला लागलं होतं आणि पलीकडे काही म्हणजे काही दिसत नव्हतं. तिथल्या पहारेकऱ्याने अंगावरच्या घोंगडीतून फक्त नाक बाहेर काढलं. मी विचारलं, काळ्या गाडीवर एक बाई गेली का?

"गेली. तिच्यामागे लगेच बंद केलं," तो म्हणाला. "शेवटची तीच."

त्यातही शेवटचीच. पण गेली. मी त्या बांबूला हात लावला आणि आम्ही मागे फिरलो. उतारभर दातवाल्याने मला विचारलं की माझी उजवीकडची दाढ दुखते का, कारण मी बोलताना तोंड वाकडं करतो. ते तोंड कशाने वाकडं झालं होतं ते मी त्याला सांगितलं नाही.

ती येईपर्यंतचे दिवस मी दुकानात काढले आणि उरलेला वेळ नळाखाली हंडा धरून. माझं मन मात्र चांगलं होतं. इतकी वर्षं जे कोणी केलं नाही ते मी केलं होतं. ती आल्यावर काय म्हणेल याचा मी विचार करून ठेवला होता. ती म्हणेल, तुमच्यामुळे झालं. मग मी म्हणेन, छे, माझ्यामुळे कसलं, तूच गेलीस. हे कोणत्या आवाजात म्हणायचं तेही ठरलं होतं. मशीनवर बसून मी ते एक-दोनदा पुटपुटलोही, आणि गिऱ्हाइकाने विचारलं, माप चुकलं का.

टोळी परत आली त्या संध्याकाळी गल्लीत इतके हॉर्न वाजले की शेजारणी खिडकीत आल्या. कप्तानाने मला मिठी मारली. बँकवाला गाडीवरून उतरलाच नाही, त्याला घरी घाई होती. ती जिना चढून आली, बूट काढले आणि स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खालीच बसली. नाकाची साल निघालेली, ओठ फाटलेले, डोळ्यांखाली चष्म्याचा पांढरा ठसा. मी चहा टाकला. आधी दातवाल्याचं ऐकवलं. हातमोज्याच्या गोष्टीवर ती इतकी हसली की ओठातून रक्त आलं. मग मी विचारलं, पाणी बघितलंस का?

ती म्हणाली की सगळं गोठलेलं होतं. माथ्यावर अलीकडेही बर्फ, पलीकडेही बर्फ, ओघळ दगडासारखे टणक. कुठलं पाणी कुठल्या बाजूला जातं काही म्हणजे काही कळत नव्हतं. मला त्या बर्फाचाही राग आला. इतक्या वर्षांची वाट, आणि निसर्गाने तोंडाला पानं पुसावीत. मी म्हटलं, मग खाली उतरल्यावर तरी बघायचं. खाली वाहत असणार.

"असेल," ती म्हणाली. "मी थांबले नाही."

"का?"

"गाडी इतकी छान चालली होती." तिने कप दोन्ही हातांत धरला. "तुम्हाला राग येणार नसेल तर सांगते."

मी म्हटलं, नाही येणार. मला वाटलं, आता ते येतंय, आणि मी आवाज तयार केला.

"आरशात कोणी नव्हतं. मागे कोणी नव्हतं. इकडून घे, तिकडून घे, कोणी सांगत नव्हतं. वळणं आली तशी मीच घेतली. मला इतकं बरं वाटलं हो, की वाटलं उतार संपूच नये."

माझ्या तोंडाकडे बघून ती म्हणाली, "तुम्ही नव्हतात म्हणून बरं वाटलं, असं नाही म्हणत मी." मग तिने कप खाली ठेवला. तिला खोटं बोलता येत नाही, कधीच आलं नाही. "तसंच होतं, म्हणा," ती म्हणाली.

मी म्हटलं, चहा गार झाला असेल, दुसरा टाकतो. ती म्हणाली, टाका. मी पातेलं धुतलं, नळाला धार नव्हती म्हणून हंड्यातलं पाणी घेतलं, गॅस पेटवला. राग आलेला होताच. तो कोणावर काढायचा हे शोधत मी ओट्याशी उभा राहिलो. कप्तान, बँकवाला, दातवाला, क्लच जाळणारे, पंपघरवाला, त्याची सासू, सगळ्यांवर काढून झाला होता. इतक्या वर्षांत तिला एकटीला रस्त्याने पुढे जाताना मी कधी पाहिलं होतं का, ते आठवून बघितलं. एकदाच, त्या वळणावर. आणि तेव्हाही ती मागे वळून बघेल म्हणून मी थांबलो होतो, आणि तिने बघितलं नाही याचा मला रागच आला होता.

चहा उकळेपर्यंत ती भिंतीला टेकल्या टेकल्याच झोपून गेली. मी गॅस बारीक केला आणि तिला हाक मारली नाही.